वही तपासू की मुलांना लिहितं ठेवू?

पत्र:

ताई, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. पाचवीत येणारी बरीच मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असतात. घरात कोकणी, चौथीपर्यंत पुस्तकं मराठी, आणि पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत. मी वह्या मनापासून तपासते. एकही चूक सोडत नाही, प्रत्येक ठिकाणी लाल पेनाने बरोबर काय ते लिहून देते. पण चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीनंतर लक्षात यायला लागलं की मुलं कमी कमी लिहितायत. एक मुलगी सुरुवातीला पानभर लिहायची. चुका भरपूर, पण लिहायची. आता पाच वाक्यं लिहिते. पाचही बरोबर आणि पाचही एकाच साच्यातली: ‘माय मदर इज गुड. माय फादर इज गुड.’ तिची आई सांगून गेली की निबंधाचा तास असला की सकाळी तिच्या पोटात दुखतं आणि बालरथ (शाळेची बस) येईपर्यंत ती रडत असते. माझे यजमानही शिक्षक आहेत. ते म्हणतात, चुका दाखवणं बंद कर, स्टार दे, ‘व्हेरी गुड’ लिही. हेडमास्तर म्हणतात, वहीत न तपासलेली चूक दिसता कामा नये. मी कुणाचं ऐकू? आणि इंग्रजीची भीती मीच घातली का या मुलांना?

एक शिक्षिका

उत्तर:

प्रिय बाई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात टोचत असताना बाकीचं वाचून उपयोग होणार नाही. ही भीती तुम्ही एकट्याने घातलेली नाही. मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलावर आपल्याकडे पाचवीत जे येऊन पडतं, ते मोठ्या माणसालाही जड जाईल. चौथीपर्यंत इंग्रजी हा एक विषय होता. आता विज्ञान इंग्रजीत, गणितातली शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत, इतिहास-भूगोल इंग्रजीत. जे मूल काल ‘अपूर्णांक’ म्हटल्यावर हात वर करत होतं, ते आज ‘फ्रॅक्शन’ म्हटल्यावर खाली बघतं. गणित त्याला तेवढंच येतंय. ही उडी तुम्ही ठरवलेली नाही आणि ती तुम्हाला एकटीला लहानही करता येणार नाही. पण वहीत काय उतरतं ते तुमच्या हातात आहे, आणि तिथे बदल करण्यासारखं पुष्कळ आहे.

माझं मत स्पष्टच सांगते. तुमचे यजमान आणि हेडमास्तर, दोघांचंही ऐकू नका. चुका दाखवायच्याच. मात्र एका वेळी मुलाला पेलतील तेवढ्याच दाखवायच्या, आणि दाखवल्यावर त्यांचं काहीतरी करायची संधी त्याच मुलाला द्यायची. तुम्ही वही बरोबर करून देताय. वही बरोबर झाली म्हणजे मूल शिकलं असं होत नाही, आणि तुमच्या पत्रातली सगळी अडचण या एका ठिकाणी येऊन थांबते.

काम करताना माणूस डोक्यात त्या क्षणी जेवढं धरून ठेवू शकतो, त्याला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ती फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून ती चारच्या आसपास आणली. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून याच मर्यादेच्या आधाराने शिकवण्याचा विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं की डोक्यावर एक भार विषयाच्या स्वतःच्या अवघडपणाचा असतो आणि दुसरा भार तो विषय ज्या रीतीने समोर ठेवला जातो तिचा. पहिल्याला आपण फारसं काही करू शकत नाही. दुसरा शिक्षकाच्या हातात असतो.

आता तुमच्या पाचवीतल्या मुलीला एक वाक्य लिहायचंय असं धरा. काय सांगायचं ते तिला कोकणीत सुचतं. त्याला इंग्रजी शब्द शोधायचा, त्याचं स्पेलिंग आठवायचं, क्रियापद मधे आणायचं, काळ बघायचा, पहिलं अक्षर मोठं काढायचं, आणि हे सगळं होईपर्यंत पुढचं वाक्य विसरायचं नाही. तुमचं-माझं यातलं बहुतेक आपोआप होऊन जातं. तिला दर पायरीवर थांबावं लागतं. चोर्ला घाटात पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्याला शेजारच्याने एकाच वळणावर गिअर, क्लच, हॉर्न, आरसा, डावीकडची दरी असं सगळं एका दमात सांगितलं तर काय होईल? त्यातला प्रत्येक शब्द खरा असेल, आणि तरी गाडी बंद पडेल. चौदा ठिकाणी लाल झालेलं पान मुलाच्या हातात पडतं तेव्हा असंच होतं. प्रत्येक दुरुस्ती बरोबर असते, पण त्यातली एकही त्याच्या डोक्यात टिकत नाही. टिकतं ते एवढंच, की मला येत नाही.

इथे भीतीचा संबंध येतो. भीती आणि डोक्यावरचा भार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आपण समजतो आणि एकीवर गोड बोलण्याचा, दुसरीवर सरावाचा उपाय करतो. पण काळजी करायलाही तीच कार्यस्मृती लागते. ‘बाई काय म्हणतील’, ‘शेजारचा हसेल’ हे डोक्यात चालू असलं की शब्द शोधायला तेवढी जागा कमी उरते. जागा कमी म्हणून चुका जास्त, चुका जास्त म्हणून भीती जास्त. इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. त्या वर्गात एरवी हुशार असलेली माणसंही गोंधळतात, कारण तिथे मनात पक्का विचार असून तो पोरकट वाक्यात सांगावा लागतो, आणि तोही दुसऱ्यांसमोर. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे फक्त इंग्रजीच्या तासाला सोसावं लागत नाही. त्यांचं सगळं वेळापत्रकच तसं आहे.

त्या मुलीने यावर एक तोड काढली आहे. पाच वाक्यं, पाचही बरोबर. तिला आळशी म्हणू नका. तिने हिशेब बरोबर मांडलाय: जेवढं कमी लिहीन तेवढं कमी लाल होईल. जॅकलीन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या वेगवेगळ्या भाषकांच्या लेखनाची तुलना केली. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या संबंधी वाक्यांमध्ये, म्हणजे आपल्या ‘जो-तो’सारख्या जोडवाक्यांमध्ये, फारसी आणि अरबी भाषकांपेक्षा चुका कमी सापडल्या. कारण बघितलं तर ते विद्यार्थी अशी वाक्यं फारशी लिहीतच नव्हते. म्हणून वहीतल्या चुका कमी झाल्या की आनंद मानायच्या आधी मूल किती लिहितंय आणि नवीन काही करून बघतंय का, ते तपासा. तुम्ही हे स्वतःहून ओळखलंत. वर्षानुवर्षं वह्या तपासणाऱ्या कित्येकांच्या हे लक्षात येत नाही.

यजमानांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की परक्या भाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या दुरुस्त्या करून फायदा होत नाही, उलट नुकसान होतं, तेव्हा ते सोडूनच द्यावं. १९९९ मध्ये डॅना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं की सगळ्या दुरुस्त्यांना एकाच मापाने मोजू नका. निवडून, स्पष्ट आणि आधी विचार करून केलेली दुरुस्ती कामाची असते. हा वाद पुढे बराच चालला. माझा कौल फेरिस यांच्या बाजूला आहे. मूल शाळेत शिकायला येतं, आणि दहावीला बोर्डाचा पेपर तपासणारा त्याला स्टार देणार नाही. चूक दाखवलीच नाही तर आपण त्याला फक्त आज बरं वाटेल असं वागवतो.

पण दाखवणं नेहमीच उपयोगी पडतं असंही नाही. आव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये शिकणाऱ्याला किंवा काम करणाऱ्याला दिलेल्या प्रतिसादावरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी फायदाच दिसला, मात्र एक-तृतीयांशाहून अधिक वेळा प्रतिसाद मिळाल्यावर कामगिरी खालावलेली होती. त्यांनी याची जी फोड केली, ती प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. शेरा वाचून लक्ष कामाकडे गेलं तर फायदा होतो. लक्ष स्वतःकडे वळलं, म्हणजे ‘मी कसा आहे, मी हुशार की ढ’ याकडे, तर फायदा आटत जातो. ‘केअरलेस’, ‘इम्प्रूव्ह युवर इंग्लिश’ हे शेरे मुलाला त्याच्या स्वतःकडे बघायला लावतात. ‘व्हेरी गुड’ आणि स्टारही तेच करतात, फक्त ते गोड वाटतात. पाचवीतलं मूल ‘इम्प्रूव्ह युवर इंग्लिश’ वाचून उद्या सकाळी नेमकं काय करील, हे तुम्ही तरी सांगू शकाल का?

आता प्रत्यक्ष वही घेऊ. सुट्टीवरून आलेलं मूल साधारण असं लिहितं (इथे देवनागरीत देते):

‘यस्टर्डे आय गो टू माय मामा हाऊस. माय मामा हॅव टू काऊ. वी ईट मँगो. माय आजी टेल मी स्टोरी. इट वॉज अ बिग फन.’

तुमच्या आजच्या पद्धतीने याच्यावर निदान आठ-नऊ खुणा होतील. ‘गो’चं ‘वेन्ट’, ‘मामा’ला ‘ज’, ‘हॅव’चं ‘हॅड’, ‘काऊ’चं अनेकवचन, ‘ईट’चं ‘एट’, ‘मँगो’चं अनेकवचन, ‘टेल’चं ‘टोल्ड’, ‘स्टोरी’च्या आधी ‘अ’, आणि ‘फन’च्या मागचा नको असलेला ‘अ’. सगळं खरं. पण हे पान मी आधी एकदा पेन खाली ठेवून वाचलं असतं. पाच ओळींत मामाचं घर आहे, गायी आहेत, आंबे आहेत, गोष्ट सांगणारी आजी आहे. सगळं समजतंय. मुलाला सांगण्यासारखं काही आहे आणि त्याने ते सांगितलंय.

मग पुन्हा वाचताना दिसतं की शेवटच्या वाक्यात त्याने ‘वॉज’ लिहिलंय. म्हणजे भूतकाळ त्याच्या कानाला माहीत आहे, वरच्या चार वाक्यांत तो हातातून निसटला, एवढंच. इथून धरायचं. ‘वॉज’खाली हिरवी, निळी, लालसुद्धा चालेल, पण कौतुकाची रेघ मारायची आणि खाली लिहायचं: ‘आजीची गोष्ट कुठली होती? शेवटच्या ओळीत तू ‘वॉज’ बरोबर लिहिलंस, कारण ही कालची गोष्ट आहे. वरच्या चार ओळींतही एकेक शब्द कालचा करायचा राहिलाय. शोध आणि बदल. आजीच्या गोष्टीबद्दल एक वाक्य वाढव.’ हा शेरा मराठीत लिहिलात तरी हरकत नाही, पाचवीच्या पहिल्या सत्रात तर मराठीतच लिहा. शेरा समजून घेण्यातच मुलाची शक्ती संपली तर दुरुस्ती करायला काय उरणार?

बाकीच्या चुका राहू द्या. गायींचं अनेकवचन पुढच्या वेळी घ्या. मराठीतही आपण दोन ‘गायी’च म्हणतो, त्यामुळे ते लवकर बसेल. ‘अ’ आणि ‘द’ मात्र सोबत घेऊन बसू नका. आपल्या भाषांत तशी सोयच नाही, आणि ती पुष्कळ वाचल्या-ऐकल्यावर अंगवळणी पडते. पाचवीत त्यासाठी लाल शाई खर्च करणं मला पटत नाही. कुठली चूक निवडायची असा प्रश्न पडला तर आधी अशी चूक घ्या जिच्यामुळे वाक्याचा अर्थच लागत नाही. तशी नसेल तर तुम्ही त्या पंधरवड्यात जे शिकवलंय त्यातली घ्या. आणि वर्गाने मिळून तीच चूक केली असेल तर वहीत काहीच लिहू नका. तो तुमचा पुढचा तास आहे, फळ्यावर घ्या.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट शेवटची आहे: शोध आणि बदल. तुम्ही ‘वेन्ट’ लिहून दिलंत की काम तुम्ही केलंत. मूल वही उघडतं, लाल बघतं, मिटतं. चूक कुठे आहे तेवढंच सांगून उत्तर त्याला काढायला लावलंत तर विचार त्याला करावा लागतो. आणि हे त्याला त्याच मजकुरावर करू द्या, नवीन विषय देऊ नका. इंग्रजीच्या तासातली सुरुवातीची दहा मिनिटं यासाठी ठेवा, घरी नको. घरी बऱ्याच मुलांना इंग्रजीत मदत करणारं कुणी नसतं आणि तो भार पुन्हा रात्री आईवर येतो. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आण, हे तर बंदच करा. हात दुखतो, आणि चौथ्या वेळेनंतर मूल अक्षरं न वाचताच उतरवत असतं.

तोंडी चुकांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिथेही हेच. कॅनडात रॉय लिस्टर आणि लायला रँटा यांनी फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांत बसून शिक्षक चुका कशा सुधारतात ते नोंदवलं; अभ्यास १९९७ चा आहे. निम्म्याहून जास्त वेळा, ५५ टक्के, शिक्षक मुलाचंच वाक्य बरोबर करून परत म्हणत आणि पुढे जात. त्यावर मुलांकडून काही प्रतिसाद आला तो ३१ टक्के वेळा. बाकी वेळी शिक्षकाने काही सुधारलं हे बहुधा मुलाच्या ध्यानातच आलं नसावं. त्याला वाटलं असेल, बाई आपल्याला दुजोरा देतायत. शिक्षकाने वाक्य अर्ध्यावर सोडलं किंवा मुलाकडूनच काढून घेतलं, तेव्हा मात्र मूल दर वेळी काहीतरी बोललं. लगेच बोलणं म्हणजे शिकणं नव्हे, हे मान्य. पण मूल म्हणालं ‘यस्टर्डे आय गो’, तर ‘वेन्ट’ असं सांगून मोकळं होण्यापेक्षा ‘यस्टर्डे आय...?’ एवढं म्हणून थांबून बघा. आणि खरंच थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट बघतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. मनात कोकणीतून इंग्रजीत येणाऱ्या मुलाला तीन सेकंदही कमीच.

मोठ्याने वाचताना मधेच उच्चार सुधारू नका. परिच्छेद संपू द्या. वर्गात कुणी हसलं तर मात्र तिथल्या तिथे, न रागावता पण ठाम, थांबवा. इंग्रजी प्राथमिकमधून आलेली मुलं आणि मराठीतून आलेली मुलं एकाच बाकावर बसतात, आणि पाचवीतलं हसू किती खोल लागतं हे आपल्याकडच्या निम्म्या पालकांना स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे.

गुणांचाही विचार करा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे गट केले. काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांची गोडी टिकली आणि काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांची गत जवळजवळ फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली, कारण आकडा दिसल्यावर डोळे तिथेच थांबतात. घटक चाचणीला गुण द्यावेच लागतात, ते द्या. रोजच्या निबंधाच्या वहीवर ‘१० पैकी ४’ लिहायची सक्ती कुणी केलेली नसेल तर लिहू नका.

आता हेडमास्तर. त्यांचा धाक समजण्यासारखा आहे. पालक वही घेऊन येतात, तपासणीला कुणी येतं, आणि न सुधारलेलं स्पेलिंग दिसलं की बोट शाळेकडे जातं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना दाखवा. पानाच्या तळाला एक ओळ लिहायची सवय लावा: ‘आज तपासलेला मुद्दा: भूतकाळ.’ वही बघणाऱ्याला कळतं की बाकीचं नजरेतून सुटलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. प्रत्येक सत्राला एक लेखन असं ठेवा जे मूल पुन्हा पुन्हा सुधारून शेवटी स्वच्छ उतरवेल आणि त्यात सगळं बरोबर असेल. ते शाळेच्या भिंतीवर लावा. आणि दोन महिन्यांनी जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून हेडमास्तरांच्या टेबलावर द्या. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हीच दोन पानं दाखवता आली तर आणखी चांगलं, कारण काही पालकांना लाल शाई दिसली नाही की बाई शिकवत नाहीत असं वाटतं.

एक विनंती तुमच्या सहकाऱ्यांसाठी. विज्ञान आणि इतिहास-भूगोल शिकवणाऱ्यांशी बोला. रोपाचे भाग मुलाने बरोबर दाखवले असतील आणि ‘लीफ’चं स्पेलिंग चुकलं असेल, तर उत्तर बरोबर धरा आणि स्पेलिंग तिथे सोडून द्या. प्रत्येक वहीत इंग्रजीच्याच चुकांसाठी लाल झालं तर मूल विज्ञानातही स्वतःला कच्चं समजायला लागतं, आणि तो समज पुढे विज्ञान शाखा निवडतानाही आडवा येतो.

सहावी-सातवीच्या वर्गाला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. ती मुलं दोन-तीन मुद्दे एका वेळी पेलू शकतात, आणि एकमेकांची वही वाचून ‘मला इथे समजलं नाही’ एवढं सांगू शकतात. चूक सुधारायचं काम त्यांच्याकडे देऊ नका. चुकीचं सुधारलं तर भांडण होतं आणि मूळ लिहिणारा हिरमुसतो.

शेवटी तुमची ती मुलगी. पोटदुखी फक्त निबंधाच्या दिवशी असेल तर कारण बहुधा तुम्ही ओळखलंय तेच आहे, पण तिच्या आईला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यायला सांगा. सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल, जेवण तुटलं असेल, झोप लागत नसेल, तर ते वहीच्या पलीकडचं असू शकतं आणि मग समुपदेशकाची मदत घ्यायला उशीर करू नका. तिच्याशी बोलताना ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. ज्याला भीती वाटते त्याला हे ऐकून आणखी चुकल्यासारखं होतं. एकटीला गाठा, मधल्या सुट्टीत, बाकीच्यांच्या समोर नको, आणि तिची जूनमधली पानं काढून तिच्यासमोर ठेवा. विचारा की यातलं कुठलं लिहिताना तुला मजा आली होती. ती जे दाखवील त्यावर तुमच्या लाल खुणा असतीलच. तेव्हा तिला सरळ सांगा की यापुढे मी एका वेळी एकच गोष्ट सुधारायला सांगणार आहे, आणि ती कुठली हे लिहायच्या आधीच सांगणार आहे. बाकीचं कसंही लिहिलंस तरी मी खूण करणार नाही. हे लिहायच्या आधी सांगणं फार महत्त्वाचं. कशासाठी तपासलं जाणार हे माहीत असलं की मूल बाकीची काळजी बाजूला ठेवू शकतं.

पहिले काही आठवडे तिला आधी कोकणीत सांगू द्या, तुम्ही ऐका, मग तिने लिहावं. काय सांगायचं हे आधीच पक्कं झालेलं असलं की लिहिताना तिच्या डोक्यात इंग्रजीला जागा मिळते. आणि दिलेला शब्द पाळा. तिने धाडस करून पानभर लिहिलं आणि त्यात वीस चुका असल्या तरी तुम्ही ठरलेली एकच दाखवायची. तो मोह आवरणं तुम्हाला जड जाईल, विशेषतः पहिल्या दोन-तीन वह्यांना. तिच्या आईलाही हे सांगून ठेवा, नाहीतर न सुधारलेल्या चुका घरी सुधारल्या जातील आणि सगळं पुन्हा तिथेच येईल. आईने घरी एवढंच करावं: मुलीला तो मजकूर मोठ्याने वाचायला सांगावा आणि मामाच्या गायींची नावं काय आहेत ते विचारावं.